सात वार चीट, सात वर्षांची शिक्षा आणि एक फोटो

चिटाची गोधडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच महिने हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहायला बसलेच. लांबलंय, सांभाळून घ्या. शेवटी तुमचा सल्लाही हवा आहे.

मी सिडनीत परामाटाजवळ राहते. शेजारच्या घरात ८३ वर्षांच्या एक आजी राहतात. मी हौसेने फोटो काढते हे त्यांना ठाऊक आहे. एका दुपारी त्या हातात प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझा एक फोटो काढशील? पण माझा एकटीचा नको." मला वाटलं नातवाबरोबर हवा असेल. त्यांनी फोल्डर उघडलं. आत लंडनच्या कोर्टातल्या खटल्याची छापील प्रत, एका जहाजाच्या यादीचं पान आणि सुटकेचा दाखला. त्यांच्या खापरपणजीची आई. वय १९. दुकानातून सात वार चीट, म्हणजे छापील सुती कापड, उचललं. सात वर्षं काळं पाणी, म्हणजे इथे.

इथे राहणाऱ्यांना हे नवीन नाही. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटनने सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात आणून सोडले. अमेरिका स्वतंत्र झाली आणि कैदी पाठवायची जुनी जागा गेली. तुरुंग भरले, थेम्स नदीत जुन्या गलबतांवर माणसं कोंबली गेली. मग १३ मे १७८७ला पोर्ट्समथहून ११ जहाजं निघाली आणि २६ जानेवारी १७८८ला सिडनीच्या खाडीत लागली. शिक्षा साधारण तीनच प्रकारच्या: सात वर्षं, चौदा वर्षं, जन्मठेप. सात वर्षं संपली तरी परतीचं भाडं स्वतःचं, त्यामुळे बहुतेक जण इथेच राहिले.

आजींच्या लहानपणी घरात यातलं काही बोलायचं नाही असा दंडक होता. "आपण स्वखुशीने आलेले लोक," असं त्यांची आई ठासून सांगायची. आई गेल्यावर घरातलं जुनं बायबल त्यांच्याकडे आलं. त्यात पुढच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यू लिहायची पद्धत असते. पहिलं पान कात्रीने कापलेलं. फाटलेलं नाही, सरळ रेषेत कापलेलं, शिवणीजवळ अर्धा बोट कागद शिल्लक. मी त्यावरून बोट फिरवून पाहिलं. कुणीतरी वेळ काढून, पट्टी लावून ते पान काढलं होतं. "कन्व्हिक्ट स्टेन" असा शब्दच इथे आहे, कैदी असल्याचा डाग. टास्मानियाने तर १८५६ साली बेटाचं नाव बदललं. व्हॅन डीमेन्स लँड म्हटलं की लोकांना कैदीच आठवायचे.

आता उलटा काळ आलाय. घरात कैदी पूर्वज निघाला की लोक आनंदाने सांगतात. सिडनीतले छायाचित्रकार मिने कोनिशी यांनी याच विषयावर फोटोंची मालिका केली आहे. त्यात आजचे वंशज आणि त्यांच्या पूर्वजाने जी वस्तू चोरली तशी वस्तू अशी सांगड घातलेली आहे. आजींना ती कल्पना फार आवडली आहे. तसा फोटो त्यांना स्वतःच्या घरात, भिंतीवर हवा आहे.

मी होकार दिला आणि मग विचार करत बसले. न्यू साउथ वेल्समध्ये कैदी आणणं १८४० साली थांबलं. सिडनीत पहिला फोटो निघाला १८४१ साली. म्हणजे या वसाहतीत उतरलेल्या त्या सगळ्या बायाबापड्यांचा आल्या दिवसाचा एकही फोटो असणं शक्य नाही. चेहरा नाही, चेहऱ्याचं वर्णन मात्र आहे! जहाज लागलं की कारकून एकेकाला उभं करून लिहून घ्यायचा. आजींच्या या पूर्वज बाईंच्या नावापुढे लिहिलंय: उंची चार फूट अकरा इंच, रंग गोरा पण देवीचे व्रण, केस तपकिरी, डोळे करडे, उजव्या मनगटावर भाजल्याची खूण. तिच्या आईनेही तिच्याकडे इतकं निरखून पाहिलं नसेल. आणि ते निरखणं कशासाठी, तर पळाली तर पकडता यावी म्हणून.

आजींची उंची पाच फुटांच्या आतच आहे. डोळे करडे आहेत. हे वाचताना त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या मनगटाकडे.

सल्ला हवाय तो असा. फोटोत त्यांनी कापड धरायचं हे ठरलंय. पण कुठलं? माझ्याकडे माझ्या आजीची गोधडी आहे, तिचा वरचा पदर जुन्या चिटाचा. बारीक फुलांची नक्षी, रंग उतरलेला. इंग्रजीतला चिंट्झ हा शब्द आपल्याकडच्या छीट-चीट या शब्दावरूनच गेलाय. मला वाटतं ती गोधडी त्यांच्या मांडीवर फार शोभेल. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्या घरात असं कापलेलं पान आहे का?

---

अबोली

गोधडीताई, वाचून अंगावर काटा आला. ते पट्टी लावून कापलेलं पान डोळ्यांसमोरून जात नाहीये. एक शंका: या कैद्यांपैकी कुणाचेच फोटो नाहीत का? कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतात.

---

दक्षिणवारा

मी टास्मानियात होबार्टला असतो म्हणून सांगतो. आहेत फोटो, पण म्हातारपणीचे. पोर्ट आर्थर हा इथला तुरुंग १८७७पर्यंत चालू होता. १८७०च्या दशकात तिथल्या कैद्यांचे छोटे पुठ्ठ्यावरचे फोटो काढले गेले, थॉमस नेव्हिन यांचं नाव त्यांच्याशी जोडलं जातं. त्यांतले बरेच आज कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. टास्मानियात कैदी आणणं १८५३लाच थांबलं होतं. म्हणजे फोटोतला माणूस पंचवीस वर्षांचा असताना उतरलेला आणि फोटोच्या वेळी पन्नाशी-साठीत, तरीही तुरुंगातच. मानेला रुमाल, अंगात जाड कापडाचा कोट, नजर कॅमेऱ्याच्या थोडी बाजूला.

मी ते फोटो पाहिले तेव्हा वाटलं, हे कुणाचेही आजोबा असू शकतात. पण ज्यांनी शिक्षा भोगली, सुटले, लग्नं केली, शेती केली, त्यांचे फोटो या पेटीत नाहीत. पुन्हा पुन्हा आत गेलेल्यांचेच आहेत. म्हणजे ज्यांचं बरं झालं त्यांना चेहरा नाही.

वर्णनं मात्र आमच्याकडे अफाट आहेत. डोकं, केस, कल्ले, चेहऱ्याचा आकार, कपाळ, भुवया, डोळे, नाक, तोंड, हनुवटी असे एकामागून एक रकाने. गोंदण असेल तर तेही, अक्षरं कुठली, नांगर आहे की हृदय आहे, कुठल्या हातावर. टास्मानियाची ही दप्तरं आणि इतर काही ऑस्ट्रेलियन कैदी-दप्तरं २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली.

---

सरळरेषा

लेख चांगला आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. चोरी ती चोरी. शे-दोनशे वर्षं झाली म्हणून ती फोटो काढून भिंतीवर लावण्याजोगी गोष्ट कशी होते? आणि दुसरं त्याहून महत्त्वाचं. हे कैदी ज्या किनाऱ्यावर उतरले तिथे गडिगल लोक राहत होते. एप्रिल १७८९मध्ये सिडनीभोवती देवीची साथ आली आणि तिथले मूळ रहिवासी किड्यामुंगीसारखे मेले. त्यांचं वर्णन कुणी चार फूट अकरा इंच असं लिहून ठेवलं नाही. २६ जानेवारी हा दिवस त्यांच्या लेखी शोकाचा आहे. कैद्यांचे वंशज आपल्या पूर्वजांवर अन्याय झाला म्हणून हळवे होतात, तेव्हा त्याच पूर्वजांनी पुढे कुणाच्या जमिनीवर मेंढ्या चारल्या हेही फोटोत यायला हवं.

---

चिटाची गोधडी

सरळरेषा, तुमचा दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आजींशी यावर बोलले आहे. त्यांच्या त्या पूर्वज बाईंना सुटल्यावर लग्न करून हॉक्सबरी नदीकाठी जमीन मिळाली. ती तिथल्या मूळ रहिवाशांची, धारुग लोकांची जमीन. आजी म्हणाल्या, "चोरीचा कागद माझ्याकडे आहे. त्या जमिनीचाही आहे. पण जमिनीच्या कागदावर चोरी लिहिलेली नाही." हे त्यांचंच वाक्य, मी फक्त मराठीत आणलंय.

पहिल्या मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. फोटो लावणं म्हणजे चोरीचा गौरव नाही. तुम्ही ते सात वार कापड प्रत्यक्ष समोर ठेवून बघा. एका पारड्यात ते आणि दुसऱ्या पारड्यात आईवडील, बहिणी, गाव, भाषेचा हेल, सगळं कायमचं तुटणं. कागदावर "चोरी, सात वर्षं" असं वाचलं की मन पुढे सरकतं. वस्तू हातात आली की सरकत नाही. म्हणून मला या प्रकारच्या फोटोंमध्ये चेहऱ्याच्या साम्यापेक्षा वस्तू मोठी वाटते.

---

जुनी दप्तरं

साम्याबद्दल ताईंशी सहमत. खापरपणजीची आई म्हणजे पाच पिढ्या मागे. त्या पायरीवर प्रत्येकाला ३२ पूर्वज असतात. त्यातल्या एकीचे डोळे आजींना आलेत असं मानायला गोड वाटतं, पण उरलेल्या ३१ जणांतही करडे डोळे असणारच.

शिक्षेबद्दल थोडं. अठराव्या शतकात इंग्लंडात एखाद्याच्या घरातून ४० शिलिंगांचा ऐवज चोरला तर कायद्याने फाशी होती. ज्युरीतली माणसं तीही माणसंच. ऐवज उघड उघड जास्त किमतीचा असला तरी ते निकालात "३९ शिलिंग" लिहीत. एका शिलिंगाने मान वाचायची आणि माणूस जहाजावर जायचा. त्यामुळे जुन्या निकालपत्रातली किंमत बघून "एवढ्याशा चोरीला एवढी शिक्षा" असं लगेच म्हणू नये, कधी कधी ती किंमत दयेपोटी कमी लिहिलेली असते. उलटही आहेच. मेरी वेड नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी, तिने आणखी एका मुलीबरोबर मिळून एका लहान मुलीचे कपडे काढून घेतले. जानेवारी १७८९मध्ये तिला फाशी सुनावली. पुढे तिसरा जॉर्ज राजा आजारातून बरा झाला, त्या आनंदात शिक्षा बदलली आणि ती लेडी जुलियाना जहाजातून १७९०ला सिडनीला आली. तिचे वंशज आज हजारोंनी आहेत, माजी पंतप्रधान केव्हिन रड त्यांतलेच.

गोधडीबद्दल माझं स्पष्ट मत: नको. १७२१च्या कायद्याने इंग्लंडात छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आली होती, आपल्याकडच्या चिटाने त्यांचे विणकर बुडत होते म्हणून. ती १७७४ला उठली, पण तोवर त्यांनी छपाई स्वतः शिकून घेतली होती. तुमच्या आजींच्या पूर्वज बाईंनी उचललं ते बहुधा लँकेशायरच्या गिरणीचं कापड. शब्द आपला, माल त्यांचा. तुमच्या आजीची गोधडी तिथे ठेवलीत तर फोटोत गोष्ट तुमची येईल, त्यांची नाही.

---

चिटाची गोधडी

हे वाचून दोन दिवस गप्प बसले. बरोबर आहे तुमचं. गोधडी माझ्याच खाटेवर बरी.

---

खारा वारा

मी बँकेच्या नोकरीत पोर्ट ब्लेअरला चार वर्षं काढली. आपण मराठी माणसं तिथे जातो ते सेल्युलर जेल बघायला. सावरकरांच्या कोठडीपुढे उभं राहतो, डोळे भरून येतात, परत येतो. मीही पहिल्यांदा तसंच केलं. पण सेल्युलर जेल १९०६ साली बांधून झालं. कैद्यांची वसाहत त्याआधी अठ्ठेचाळीस वर्षं चालू होती. १० मार्च १८५८ला डॉ. वॉकर २०० कैदी घेऊन तिथे उतरले, आणि नंतर वर्षानुवर्षं साधे कैदी येत राहिले. भांडणात हात उगारलेले, दरोड्यात सापडलेले, नवऱ्याच्या जाचाने काहीतरी करून बसलेल्या बायका. चांगल्या वर्तनानंतर त्यांना लग्नाची परवानगी मिळे. पंजाबचा पुरुष, बंगालची बाई, जात वेगळी, बोली वेगळी. त्यांची मुलं ती "लोकल बॉर्न". आज त्यांची पाचवी-सहावी पिढी तिथे आहे आणि पोर्ट ब्लेअरची हिंदुस्तानी ही त्यांची मायबोली.

बँकेतला माझा सहकारी त्यांच्यातला. त्याच्या बैठकीत आजोबांचा फोटो होता, कोट, टोपी, छडी. मी विचारलं, पणजोबांचा? तो म्हणाला, "उनका तो बस नंबर था." कैद्यांच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे. त्यावर नंबर, गुन्ह्याचं कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख. जन्मठेप असेल तर तसं. झोपतानाही तो बिल्ला गळ्यात.

तुमचा धागा वाचून मनात आलं, त्या सहकाऱ्याचा असा फोटो काढायचा तर त्याच्या हातात काय द्यायचं? पणजोबांनी काय केलं होतं हे त्यालाच ठाऊक नव्हतं. लाकडाचा एक तुकडा द्यावा लागेल, बस. आणि त्या घरात कुणाला त्याची लाज नव्हती हेही सांगतो. तिथे सगळ्यांचेच पणजोबा तसे, मग डाग दिसणार कुणाला? "गाव कुठलं" असं मी एकदा सवयीने विचारलं. तो हसला नाही की चिडला नाही. "यहीं का," एवढंच.

---

वेण्णाकाठ

खारा वारा काका, सुंदर प्रतिसाद. उलट्या दिशेचा प्रवास आपल्या घराशेजारीच झालाय. महाबळेश्वरला एकोणिसाव्या शतकात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, सिंगापूर-मलाक्का भागातून शिक्षा होऊन आलेल्यांचा. १८३०च्या दशकात सुरू झाला, १८६४ला बंद झाला. रस्त्याची कामं त्यांनी केली, भाजीपाल्याचे मळे लावले, टोपल्या विणल्या. सुटल्यावर काही जण तिथेच राहिले. आणि आपले मुंबई इलाख्यातले कैदी त्या काळात समुद्रापार जात होते, सिंगापूरला, मॉरिशसला. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल हिंदुस्थानी कैद्यांनी बांधलंय. कोकणातला एखादा माणूस तिथे चुना मळत असेल आणि चिनी माणूस इथे बटाटे लावत असेल.

अवांतर: आमच्या भागात एका जुन्या माळ्याला सगळे "चिन्या" म्हणायचे असं आजोबा सांगत. दिसायला आपल्यासारखाच होता म्हणे. आता वाटतं, ते नुसतंच टोपणनाव नसावं.

---

मधली चाळ

हा धागा तीन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

मी सोलापूरचा. आमच्या जमातीला इंग्रजांनी १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या पद्धतीने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. माझ्या पणजोबांची हजेरी व्हायची, बाहेर जायचं तर पास लागायचा. दिवसा गिरणीत काम आणि संध्याकाळी परत कुंपणात. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा सुटला, म्हणजे आपला १५ ऑगस्ट होऊन पाच वर्षं झाल्यावर. आम्ही आजही ३१ ऑगस्ट पाळतो.

तुमच्या शेजारच्या आजींच्या पूर्वज बाईंनी सात वार कापड उचललं होतं. शिक्षा भयंकर होती, पण ती एका कृत्याची होती, तिला मुदत होती आणि शेवटी सुटकेचा दाखला मिळाला. आमच्या माणसाने काही उचलायची गरजच नव्हती. आईच्या पोटातून आला की झाला गुन्हेगार. ऑस्ट्रेलियात डाग पुसला गेला, कारण ज्यांच्यावर डाग होता तेच पुढे त्या देशाचे मालक झाले. आमच्याकडे अजून गावात चोरी झाली की पोलीस आधी आमच्या वस्तीत येतात. मी कॉलेजात असताना आमच्या आळीतून दोन पोरं अशीच उचलून नेली होती. खरा चोर नंतर दुसराच निघाला.

फोटोचं म्हणाल तर जुन्या इंग्रजी ग्रंथांत आमच्यासारख्या जमातींचे फोटो आहेत. खाली माणसाचं नाव नाही, जमातीचं नाव. चेहरा आहे आणि माणूस कोण ते नाही. तुमच्याकडे नाव आहे, वर्णन आहे, गुन्हा आहे, चेहरा नाही. बरोबर उलटं.

माझा असा फोटो काढायचा झाला तर मी हातात काही धरणार नाही.

---

चिटाची गोधडी

मधली चाळ दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. मी तुमचा प्रतिसाद आजींना इंग्रजीतून वाचून दाखवला. त्यांनी "मुदत" या शब्दावर मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावला. मग फोल्डरमधून सुटकेचा दाखला काढला आणि बराच वेळ हातात धरून बसल्या. आधी तो कागद त्यांना बाकीच्या कागदांसारखाच एक वाटायचा.

मुदत असलेला डाग आणि मुदत नसलेला डाग हा फरक माझ्या मूळ लेखात यायला हवा होता. तिथे मी दोन्ही एकाच मापाने मोजले.

---

सरळरेषा

मधली चाळ, तुमच्या प्रतिसादाने माझ्या "चोरी ती चोरी" या वाक्यालाही उत्तर मिळालं. तो शब्द मी सहज वापरला होता. मागे घेतो.

---

अबोली

गोधडीताई, त्या बाई इथे आल्यावर राहिल्या कुठे? आणि फोटो झाला का?

---

दक्षिणवारा

त्याआधी एक भर घालतो, कारण बायकांबद्दल कमी लिहिलं जातं. एकूण कैद्यांत बायका साधारण २५,००० होत्या. टास्मानियातल्या कलाकार क्रिस्टिना हेन्री यांनी प्रत्येकीसाठी एक अशा कापडी टोप्या शिवून घेतल्या, जगभरच्या लोकांकडून. आकडा ठरवला २५,५६६. प्रत्येक टोपीवर एका बाईचं नाव आणि तिच्या जहाजाचं नाव भरतकामात. मी एका कार्यक्रमात त्या मांडलेल्या पाहिल्या. टोपी रिकामी, चेहरा नाहीच. ताई, तुमच्या फोटोंचीच ही बहीण म्हणायची.

आणि कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात तीनशेहून जास्त "लव्ह टोकन" आहेत. कैदी तांब्याचं पेनीचं नाणं घासून गुळगुळीत करायचे आणि त्यावर खिळ्याने टोचून टोचून नाव, तारीख, दोन ओळी लिहून आईला नाहीतर बायकोला देऊन जायचे. स्वतःचा फोटो मागे ठेवता येत नाही, तर नाणं ठेवलं.

---

चिटाची गोधडी

अबोली, त्या इथेच राहिल्या, माझ्या घरापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. परामाटा नदीकाठी "फीमेल फॅक्टरी" आहे, कैदी बायकांना ठेवून कामाला लावायची जागा. फ्रान्सिस ग्रीनवे नावाच्या वास्तुकाराने ती उभारली, तोही बनावट दस्तऐवजासाठी शिक्षा होऊन आलेला कैदीच. (१९६६च्या दहा डॉलरच्या नोटेवर त्याचा चेहरा होता. कागदपत्रात लबाडी केलेल्या माणसाला देशाने नोटेवर छापलं, यावरून काळ किती पालटला ते कळतं.) या फॅक्टरीत बायकांना लोकर पिंजून, कातून जाडंभरडं कापड तयार करायचं काम असे. त्याला परामाटा क्लॉथच म्हणत. ज्या बाईने कापड चोरलं तिला आणून कापडाच्याच कामाला बसवलं. १८२७च्या ऑक्टोबरमध्ये पोटाला पुरेसं मिळत नाही म्हणून तिथल्या बायका दार फोडून परामाटाच्या रस्त्यावर आल्या होत्या. आमच्या बाई तेव्हा अजून इंग्लंडातच होत्या, त्या नंतर दोन वर्षांनी आल्या. आजींना मात्र वाटतं की तशा वेळी त्या आत बसून राहिल्या नसत्या.

फोटो झाला. गेल्या रविवारी. सविस्तर लिहिते.

आजी स्वतः दुकानात जाऊन कापड घेऊन आल्या. साधं सुती, पांढऱ्यावर विटकरी रंगाची बारीक फुलं. हल्ली सगळं मीटरवर मिळतं, म्हणून साडेसहा मीटर, सात वारांपेक्षा बोटभर जास्तच. त्यांच्या स्वयंपाकघरात दक्षिणेकडे खिडकी आहे. आपल्याकडे मऊ उजेडाला उत्तरेची खिडकी बघायची, इथे पृथ्वीच्या खालच्या अंगाला सगळं उलटं. सकाळी दहाला तिथे छान सावलीचा उजेड असतो. त्यांना लाकडी खुर्चीवर बसवलं आणि मी तिपाईवर कॅमेरा लावत होते.

त्यांनी घडी मोडली. मांडीवर मावलं नाही. एक टोक गुडघ्यावरून घसरत फरशीवर गेलं, ते उचलेपर्यंत दुसरं टोक. सात वार म्हणताना माझ्या मनात चिंधीएवढं काहीतरी होतं. अहो, नऊवारी लुगड्याला दोनच वार कमी! आजी कापड कवेत गोळा करत म्हणाल्या, "हे लपवलं कुठे असेल तिने?" मग उठून उभ्या राहिल्या, स्वेटर वर केला आणि खरंच पोटाशी गुंडाळून बघू लागल्या. चार फूट अकरा इंच उंचीची पोर, अंगात झगा, त्यावर शाल, आत हे बोचकं. दुकानाच्या दारापर्यंत सहा पावलं. त्यांना एकदम खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मी कॅमेरा सोडून पाणी आणायला गेले.

परत आले तर त्या कापड मोजत होत्या, जुन्या पद्धतीने. टोक नाकाशी धरायचं आणि हात सरळ लांब करायचा, तो एक वार. हे त्यांना आईने शिकवलेलं, आईला तिच्या आईने. हात आखूड, त्यामुळे सात मोजून झाले तरी कापड उरलं. आठवा वार मोजताना, हात पूर्ण ताणलेला आणि कापडाचं टोक नाकाशी, तेव्हा मी फोटो घेतला. त्यात त्या कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत. अर्धा चेहरा कापडाआड आहे, एक डोळा आणि मनगट दिसतंय. ठरवलेले बाकीचे वीसेक फोटोही काढले, नीट बसलेले, नीट बघणारे. पण त्यांनी भिंतीसाठी हाच निवडला. छापून दिला तेव्हा त्यांनी पाठीमागे पेन्सिलीने दोन नावं लिहिली, आधी तिचं, खाली स्वतःचं.

मी म्हटलं, कापड अजून कोरंच आहे, दुकानात परत करता येईल. त्या नको म्हणाल्या. पर्समधून दुकानाची पावती काढली, टेबलावर हाताने सपाट केली आणि फोल्डरमध्ये खटल्याच्या कागदामागे लावून ठेवली.